आधी तेल बघा, मग टायर

जुनी जीप विकत घेऊन कोणी माझ्याकडे आलं की बोलणं बहुधा टायरपासून सुरू होतं. मोठे टायर, उंच केलेले पाटे, पुढे विंच. मी मात्र आधी गाडीखाली शिरतो आणि पाच ठिकाणचं तेल काढतो: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं आणि मागचं डिफरन्शिअल. विकणारा काय सांगतो ते सांगू दे, गाडी कशी वापरली गेली ते या तेलातच कळतं.

डिफरन्शिअलचं तेल दुधाळ निघालं, तर आत पाणी गेलंय. हौसिंगवर बोटाएवढा एक ब्रीदर असतो, बहुतेक वेळा मातीने बुजलेला. चालून तापलेलं हौसिंग नाल्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर बाहेरची हवा तिथून आत येते. बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं. शिवनाथच्या काठाने किंवा बालोदकडच्या नाल्यांतून हिंडायचं असेल, तर ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीत उंच नेऊन बांधावी. खर्च अगदी किरकोळ आहे.

ड्रेन प्लगवरचा गाळ मी चिमटीत चोळून बघतो. मऊ करडी पेस्ट असेल तर ती इतक्या वर्षांची साधी झीज. बोटाला कण टोचले, तर गिअर उघडायचे, दुसरा मार्ग नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस या दोन्हींच्या पातळ्या काही दिवसांनी पुन्हा बघाव्यात. मधलं सील गेलं की एकातलं तेल दुसऱ्यात उतरतं, आणि बाहेर एक थेंबही सांडत नाही. गिअरबॉक्समध्ये मी जीएल-4 तेलच घालतो. जीएल-5 मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतात.

माझा जीव सीजे-3बीवर आहे. विलीजने 1953 साली ती काढली. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये घेतल्यामुळे इंजिन उंच झालं, म्हणून तिचं बॉनेटही उंच. अमेरिकेत ती 1968 मध्ये बंद पडली, पण महिंद्राने पुढेही अनेक वर्षं बनवली. व्हीलबेस अवघा 80 इंच. पहिला गिअर 2.8, लो रेंज सुमारे अडीच आणि डिफरन्शिअल 5.38, गुणाकार केला तर चाकापाशी इंजिनाचा जोर जवळपास 37 पट होतो. खडकावर पावलापावलाने चढायला एवढं पुरतं. जड, मोठे टायर लावले की ही सगळी गणितं बिघडतात, आणि लहान ब्रेक ड्रमवरचा भार वाढतो तो वेगळाच.

ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरू लागली की लोक अलाइनमेंट करायला धावतात. मी चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवतो. खेळ सापडला तर तो हबच्या बेअरिंगचा की किंगपिनचा, ते सोबत्याला आत बघायला लावून ठरवतो. किंगपिनचा असेल तर बेअरिंग बदलायची आणि शिम जुळवून बसवायची. स्टिअरिंगच्या मधल्या बेलक्रँकची बुश झिजलेली असतेच. इथे भिलाईत राहण्याचा फायदा आहे: पोलाद कारखान्याच्या आधाराने उभ्या राहिलेल्या हथखोजच्या लेथवर गनमेटलची बुश मापाबरहुकूम कातून मिळते, आणि कातणाऱ्याला सूतभराचा फरक समजावून सांगावा लागत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. या गाड्यांना एकच सर्किट; एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून नळ्या, होज, व्हील सिलिंडर सगळं नवं. हँडब्रेकचं वागणं तर नव्या मालकाला माहीतच नसतं. त्याचा ड्रम चाकात नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे असतो. तो शाफ्ट धरतो, चाक नव्हे. उतारावर मागचं एक चाक अधांतरी राहिलं तर ते उलटं फिरतं, जमिनीवरचं दुसरं सुलटं, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी घरंगळते. थांबवताना फोर-व्हील लो टाकून गिअरमध्ये ठेवा, आणि चाकाला दगड लावा.

राजहराच्या खाणींकडची लाल धूळ इंजिनाची वैरी आहे. मूळचा ऑइल-बाथ एअर क्लीनर काढून लोक चकचकीत कागदी फिल्टर बसवतात. खाणीकडून आल्यावर त्या जुन्या क्लीनरची वाटी उघडून बघा: तळाशी लाल चिखलाचा जाड थर बसलेला असतो. तो सिलिंडरमध्ये गेला असता. वाटी धुवायची, नवं तेल खुणेपर्यंत भरायचं, झालं. तसाच थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात पारा 45च्या घरात जातो म्हणून मेकॅनिक तो उपटून टाकतात; खरा दोष क्षार साचलेल्या रेडिएटरचा असतो. रेडिएटर उघडून साफ करून घ्या आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

हे सगळं झाल्यावर टायर. भाठा जमिनीच्या मुरमावर मूळचे अरुंद 6.00-16 उत्तम चालतात. पावसात कन्हारची काळी माती नक्षीत भरून चाकाचा गोळा होतो. तिथे कुठलाही टायर घाला, पाऊस ओसरेपर्यंत थांबणं बरं.

कागदांचं एक. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. पण तो घेतला की गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच मुभा. जिला रानवाटांवर न्यायची, तिची साधी नोंदणीच वेळेवर नूतनीकरण करून चालू ठेवावी. आणि पैसे मोजण्याआधी आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी, घासकागदाने गंज काढून, अक्षर न् अक्षर ताडून बघावा.