बावन्न की अकरा?

बी.ई.च्या प्रोजेक्टला मी २.४ गिगाहर्ट्झचा पॉवर अॅम्प्लिफायर घेतला, तोही अख्खा एका चिपवर. मित्र म्हणाले, "मेलास!"

पहिल्याच सिम्युलेशनला एफिशियन्सी आली ५२ टक्के. क्लास बी ची थिअरीतली कमाल ७८.५, म्हणजे आपण पास! त्या रात्री सगळ्या विंगला चहा पाजला.

सकाळी सरांनी एवढंच विचारलं, "इंडक्टर आयडियल आहेत का रे?"

होते. चिपवरच्या वेटोळ्यांना रेझिस्टन्स असतो, खालचं सिलिकॉनही ऊर्जा गिळतं. खरे इंडक्टर टाकले, आकडा ३१ वर. त्यात वाय-फायचा सिग्नल मधूनच उसळतो. तो विकृत होऊ नये म्हणून अॅम्प्लिफायर एरवी कमाल पॉवरच्या बराच खाली चालवावा लागतो. तिथे जेमतेम ११! बाकी ८९ टक्के नुसती उष्णता.

रूममेट म्हणाला, "५२च छाप, कोण बघतंय?" खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण छापले ११च.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, "मग उपाय?" मी १९३६ सालच्या डोहर्टीची युक्ती सांगितली: दोन अॅम्प्लिफायर, एक कायम कामावर, दुसरा सिग्नल उसळला की मदतीला.

५२ छापले असते, तर हा प्रश्नच आला नसता!