चार पुतळ्यांसमोर थांबल्यावर

(१/७) सोलापुरात ‘हुतात्मा’ हा शब्द दिवसातून अनेकदा कानी पडतो. पुण्याला जायचे तर ‘हुतात्मा’ एक्स्प्रेस, नाटक पाहायचे तर हुतात्मा स्मृती मंदिर, रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर ‘चार पुतळा’. शब्द इतका सवयीचा होतो की त्यामागचे चार मृत्यू दिसेनासे होतात. मग एखादे दिवशी, शाळेपासून तेथून येजा केलेला कुणी तरुण थांबतो आणि नावे वाचतो.

(२/७) मल्लप्पा धनशेट्टी. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान : गिरण्यांच्या या शहराचेच चार चेहरे. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवीत आणि तेव्हा विशीत होते. वाचणाराही बहुधा त्याच वयाचा असतो. पहिला धक्का बसतो तो येथे.

(३/७) मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता आली आणि शहर पेटले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडणाऱ्या सत्याग्रहींना पकडण्यात आले, जमाव उसळला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण गोळीला बळी पडला. संतप्त जमावाने मंगळवार पेठ पोलीस चौकी जाळली. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता नावालाही उरली नाही.

(४/७) १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जूनअखेरपर्यंत टिकला. तिरंगा आणि गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरली. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून या चौघांवर खटला चालला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

(५/७) अभिमानाने भरून आलेले मन येथेच अडखळते. चौकीत मेलेले पोलीसही कुणाचे तरी पुत्र होते. त्यांच्यासाठी कुणी फुले आणीत नाही. चौघांविषयीचा आदर आणि ही अस्वस्थता एकाच मनात राहू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोहोंपैकी एकीला हाकलून लावण्याची घाई करू नये.

(६/७) नाझींनी केलेला साठ लाख ज्यूंचा संहार आणि सोलापूरचे चार फास यांची तुलना होऊच शकत नाही. परंतु स्मारकासमोर माणसाचे काय होते, हे समजण्यास तिकडचा अनुभव उपयोगी पडतो. जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकात मृतांच्या नावांसाठी स्वतंत्र दालन आहे. जर्मनीतल्या शहरांत फुटपाथवर पितळी फरशा बसवल्या आहेत. प्रत्येकीवर एका माणसाचे नाव, जेथे तो राहत होता त्याच दारासमोर. साठ लाख हा आकडा मनात मावत नाही. एक नाव मावते, आणि ते रडवते.

(७/७) १२ जानेवारीला महाराष्ट्रभर जिजाऊ आणि विवेकानंद यांची जयंती साजरी होते. सोलापुरात त्याच दिवशी या चार पुतळ्यांना हार चढतात. दुसऱ्या दिवसापासून चौकातली वर्दळ पूर्ववत सुरू होते, सकाळची ‘हुतात्मा’ पुण्याकडे निघते. पण चार नावे वाचून गेलेला प्रवासी त्या गाडीत बसला की त्याला आठवते, पुण्यातच येरवडाही आहे.