शेलूबाजारच्या मैदानासाठी चेंडू फेकणारे यंत्र

चेंडू फेकणारे यंत्र पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, जागी उभे केले जाते आणि ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या उंचीवर न थकता चेंडू टाकते. त्याचा जन्म बेसबॉलसाठी झाला. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात गणित शिकवणारे चार्ल्स हिंटन यांनी १८९७ मध्ये या कामासाठी बंदुकीच्या दारूवर चालणारी तोफच बनवली होती. महाराष्ट्रातील शाळांमध्ये बेसबॉलपेक्षा सॉफ्टबॉल अधिक रुजला आहे. त्यामुळे मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार येथे मुलींच्या सरावासाठी यंत्र निवडण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा शोध सॉफ्टबॉलच्या यंत्राचा होता.

अशी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. एकात स्प्रिंगने ताणलेला लोखंडी हात सुटतो आणि चेंडू भिरकावतो. दुसऱ्यात रबरी चाके वेगाने फिरतात आणि त्यांच्या फटीत सोडलेला चेंडू चिमटला जाऊन बाहेर पडतो. एका चाकाचे यंत्र स्वस्त असते. दोन चाकांच्या यंत्रात एक चाक हळू ठेवता येते आणि त्यामुळे चेंडूला फिरकी देता येते. मात्र चाकांमधील फट कमी-जास्त होते की नाही, हे आधी पाहावे लागते. बेसबॉलचा व्यास सुमारे ७.३ सेंटीमीटर असतो, तर बारा इंच घेराच्या सॉफ्टबॉलचा ९.७. केवळ बेसबॉलसाठी बांधलेल्या फटीतून सॉफ्टबॉल जात नाही.

विक्रेते कमाल वेगाचा आकडा पुढे करतात. त्या आकड्याला फारसे महत्त्व देऊ नये. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर फटका मारणारीजवळच्या होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते, बेसबॉलमध्ये साडेसाठ फुटांवर. ४३ फुटांवरून ताशी ८० किलोमीटरने आलेला चेंडू ०.५९ सेकंदात पोहोचतो; बेसबॉलच्या अंतरावर तेवढाच वेळ मिळायचा तर वेग सुमारे ११३ लागेल. म्हणजे शाळेच्या मुलींना ८० पुरेसा आहे. त्याहून महत्त्वाची असते चेंडू सुटण्याची उंची. सॉफ्टबॉल खालून, कमरेजवळून टाकला जातो. म्हणून आखूड पायांचे, तोंड वर कलणारे यंत्र हवे.

शेलूबाजारात खरी अडचण विजेची निघाली. दिवेलागणीला सराव रंगात येतो आणि नेमके तेव्हाच व्होल्टेज खाली जाते. थेट विजेवर चालवून पाहिलेल्या यंत्राची चाके तेव्हा मंदावत, आणि कंबरेला येणारा चेंडू गुडघ्याखाली येऊ लागे. याचे गणित सोपे आहे. वेग ८० वरून ७२ वर आला, तर हवेचा रोध सोडूनही चेंडू प्लेटपर्यंत येईतो सुमारे ४० सेंटीमीटर अधिक खाली पडतो. एवढ्या फरकाने मुलीचा फटका बिघडतो आणि ती दोष स्वतःच्या हाताला देते. नवख्या खेळाडूचा आत्मविश्वास असा घालवणे फार वाईट. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे आणि चाकांचा वेग नियंत्रकाने स्थिर ठेवणारे दोन चाकांचे यंत्र निवडले. ट्रॅक्टरची बॅटरी त्याला चालते आणि ती गावात मिळते. लाइट गेली तरी, उजेड असेपर्यंत, सराव थांबत नाही.

चेंडूंचा खर्च यंत्राच्या किमतीबरोबरच धरायला हवा. चामडी चेंडूची शिवण चाकाला दर वेळी वेगळी लागते आणि चेंडू थोडा भरकटतो. ओला चेंडू तर घसरतोच. खळगे असलेले, यंत्रासाठीचे चेंडू सरळ जातात, पण स्लगरवर, म्हणजे सॉफ्टबॉलच्या बॅटवर, त्यांचा ठोका वेगळा लागतो. सामना चामडी चेंडूनेच होतो, म्हणून फटक्याचा काही सराव त्याच चेंडूंवर ठेवला.

मैदान काळ्या मातीचे आहे. पावसाळ्यात यंत्राचे पाय रुततात, उन्हाळ्यात भेगांमुळे ते डळमळते. तिन्ही पायांखाली फरशीचे तुकडे ठेवल्यावर नेम टिकला.

यंत्राला पिचरचा हात नसतो. खांदा फिरताना पाहून फटक्याची वेळ साधणे त्यावर शिकता येत नाही. ही उणीव थोडी तरी भरून काढण्यासाठी चेंडू घालणारी मुलगी तो आधी डोक्यावर उंच धरून दाखवते आणि मगच फटीत सोडते. एकाच वेगावर फार चेंडू खेळले की मुली यंत्राची लय पाठ करतात, म्हणून वेग अधूनमधून बदलावा लागतो; बदलल्यावर चाके स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. आठवड्यातील काही सराव माणसाच्या पिचिंगवरच होतो, नाहीतर संघातल्या पिचर मागे पडतील.

चेंडू घालणाऱ्या मुलीसमोर जाळीचा आडोसा आणि फटका मारणारीच्या डोक्यावर हेल्मेट हवेच. यंत्राजवळ ओढणी नको, वेणी घट्ट बांधलेली हवी. बटण बंद केल्यावरही चाके काही काळ फिरत राहतात. ती पूर्ण थांबल्याशिवाय दिशा किंवा उंची बदलण्यासाठी कोणालाही यंत्राला हात लावू दिला जात नाही.