जुनेर, गोधडी आणि आपली मुले

वाचकहो, जुने कपडे हा विषय आपल्या समाजात साधा नाही. चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात घातलेला आहे. गावगाड्यात तो निरनिराळ्या रूपांनी आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला आला. वाड्यावरचे जुनेर मिळायचे, तेही लांबून टाकलेले, आणि वर उपकाराची भाषा. म्हणून तर आमच्या घरी पहिला पगार झाला की आईला आधी नवे लुगडे घ्यायचे, असे ठरून गेलेले होते. नवा कपडा ही आमच्याकडे माणूसपणाची खूण होती.

अशा समाजातल्या मुलांनी जुन्या कपड्यांचे दुकान मांडायचे ठरवले तर काय होईल? आमच्या वस्तीत गेल्या हिवाळ्यात नेमके हेच घडले. अभ्यासिकेत येणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींनी माझ्यापुढे एक बेत मांडला. "काका, आपण शाश्वत फॅशनचा पॉप-अप करू या." पॉप-अप म्हणजे काय, असे मी विचारले, तेव्हा एका दिवसापुरते मांडलेले दुकान, असा खुलासा झाला. जुने कपडे दुरुस्त करायचे, त्यांतून पिशव्या, कुर्ते शिवायचे, गोधडीची कला लोकांपुढे ठेवायची आणि विक्री करायची.

मुलांचा अभ्यास चांगला होता. एका सुती टी-शर्टामागे, कापसाच्या शेतापासून हिशेब धरला तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज आहे, हे त्यांनी सांगितले. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते आणि स्त्रियांची संख्या मोठी होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही त्यांना कामावर बोलावले गेले. स्वस्त कपड्याची किंमत कुणीतरी दुसराच मोजत असतो, हे मुलांना नीट उमगले होते.

पण वस्तीच्या बैठकीत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "लोकांची जुनेरं अंगावरून उतरवण्यात आमची हयात गेली. आता शिकून-सवरून तुम्ही तीच विकायला बसणार का रे पोरांनो?" बैठक एकदम शांत झाली. आजींचा प्रश्न खोडून काढण्यासारखा नव्हताच. त्यामागे तीन पिढ्यांचा अनुभव होता.

मी तेव्हा महाडची आठवण दिली. डिसेंबर १९२७ मध्ये तिथे बाबासाहेबांनी आपल्या मायभगिनींना राहणी बदलण्याचा उपदेश केला. कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ असावा, असे त्यांचे सांगणे होते. ठिगळाची लाज त्यांनी सांगितली नाही. लाज आहे ती दुसऱ्याने उपकार म्हणून अंगावर टाकलेल्या कपड्याची. हा फरक धरून मुलांनी तीन नियम केले. बाहेरून दान म्हणून आलेला एकही कपडा घ्यायचा नाही, जे काही शिवायचे ते आपल्याच घरांतल्या कापडातून. प्रत्येक वस्तूवर शिवणाऱ्याचे नाव आणि लागलेले तास लिहायचे. आणि किंमत मजुरी धरूनच लावायची.

आजींनी लगेच होकार दिला नाही. चार दिवसांनी मात्र तीन मुलींना घरी बोलावून त्यांनी गोधडी शिकवायला घेतली. खाली एक लुगडे, वर एक लुगडे, मध्ये जुन्या कापडाचे थर. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचे. मुलींची बोटे टोचून टोचून लाल झाली.

हिशेब माझ्याकडे होता, कारण कारकुनी हाच माझा धंदा. एका दुपट्यावर मुलांनी ४०० रुपये किंमत टाकली होती. मी विचारले, तास किती लागले? २२. अस्तर आणि दोरा १२० रुपयांचा. उरले २८०. म्हणजे तासाला १३ रुपयेही पडत नव्हते. राणा प्लाझावर कळवळून बोलणारी मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी तासाला ५० रुपये धरून किंमत १,२२० ठरली.

एका रविवारी विहाराच्या सभागृहात दुकान मांडले. दारातच मुलांनी दोन फलक लावले होते. पहिल्यावर मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव. कारण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि विटाळाची सबब पुढे केली जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. दुसऱ्या फलकावर विनयपिटकातली कथा होती. एवढ्या चीवरांचे तुम्ही काय करता, असे उदेन राजाने भंते आनंदांना विचारले. जीर्ण झालेल्या चीवरांचे पलंगपोस, मग गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, पुढे पायपुसणे आणि फडके होते, आणि शेवटी त्याच्या चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपतो, असे उत्तर आनंदांनी दिले.

सर्वांत जास्त गर्दी दुरुस्तीच्या टेबलावर झाली. वस्तीतले टेलरमास्टर रफू करत, चेन बदलून देत दिवसभर मान वर करू शकले नाहीत. गोधड्यांपाशी मात्र घासाघीस झाली. "चिंध्यांचे एवढे पैसे?" असे एका बाईंनी विचारलेच. मुलीने शांतपणे तासांची चिठ्ठी वाचून दाखवली. बाई निघून गेल्या. १४ गोधड्या-दुपट्यांपैकी ५ विकली गेली, उरलेली ज्यांची त्यांना परत दिली. किंमत मात्र कुणीही उतरवली नाही. संध्याकाळी आधी शिवणाऱ्यांची मजुरी हातावर ठेवली, मगच मंडपवाल्याचे आणि चहाचे बिल दिले.

वाचकहो, आपल्या वस्तीतही असा उपक्रम होऊ शकतो. दोन महिने आधी तयारीला लागा, वयस्क बायांना शिकवायला बोलवा, हिशेबाची वही उघडी ठेवा. विक्री थोडी झाली तरी चालेल. आईच्या हाताच्या टाक्याला तासाचा दर असतो, एवढे आपल्या मुलामुलींना कळले तरी पुष्कळ आहे. पुढे ती कुठल्याही कचेरीत वा कारखान्यात गेली, तरी स्वतःचे श्रम फुकापासरी देणार नाहीत.

जय भीम!