दोन्ही फॉर्म भरूया

गिरगाव, मुंबई

ती. ताईस,


काल फोनवर तुझा आवाज भरून आला, म्हणून मी पुढे बोललो नाही. दहावी पास झालेला तुझा लेक माझगाव डॉकच्या अप्रेंटिसशिपचं नाव काढतो आणि तुला वाटतं, आपलं घर ज्यातून कसंबसं बाहेर पडलं त्यातच तो पुन्हा शिरतोय. ही भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे.

बाबा गिरणीच्या साचेखात्यात कसे लागले ते तू माझ्याहून जास्त ऐकलंयस. गावच्या माणसाच्या बाजूला उभं राहून साचा शिकले, जॉबरच्या मर्जीने बदलीत लागले, मग कायम झाले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना पुन्हा पाळी लागलीच नाही. बाबांच्या हातात कसब होतं, पण ते दुसरीकडे दाखवायला एक कागद नव्हता. वॉचमनची नोकरी धरावी लागली. गिरण्यांना शिकलेली माणसं मिळावीत म्हणून १८८७ साली भायखळ्यात निघालेली संस्था (आजचं व्हीजेटीआय, १९२३पासून माटुंग्यात) त्या काळातही डिप्लोमा देतच होती. तो डिप्लोमा दुसऱ्या गावच्या गिरणीतही चालायचा. साच्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या शिकण्याची मात्र नोंद कुणी ठेवली नाही. आपण त्यावरून एवढंच ठरवलं की हाताचं काम नको, कॉलेज हवं. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. मुलगा जे शिकेल ते कुणीतरी तपासून लिहून दिलं पाहिजे, आणि तो कागद दुसऱ्या दारातही चालला पाहिजे.

अप्रेंटिसशिपचा १९६१चा कायदा हेच करतो. मुलाचा लेखी करार होतो, तो सरकारकडे नोंदवला जातो, शिकताना विद्यावेतन मिळतं (२०१९च्या नियमांत किमान दर शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये होते) आणि ट्रेड अप्रेंटिसला शेवटी परीक्षा देऊन देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. उद्या तो कारखाना बंद पडला तरी प्रमाणपत्र त्याच्याजवळ राहतं.

माझगाव डॉक आठवी पास, दहावी पास आणि आयटीआय झालेली अशी तीन गटांत मुलं घेतं, तीही परीक्षा घेऊन. १५ जानेवारी २०२५ला 'सुरत', 'नीलगिरी' या युद्धनौका आणि पाणबुडी 'वागशीर' एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही तिथेच बांधलेल्या. त्यांतलं वेल्डिंग, पाइप फिटिंग, वायरिंग हे अडाण्याचं काम नव्हे. तुझ्या मिक्सरपासून मंडळाच्या लायटिंगपर्यंत सगळं उघडून बसणाऱ्या मुलाला त्याची ओढ वाटली, तर त्यात नवल नाही.

डॉकमध्ये नंबर लागला नाही तर दोन वर्षांची आयटीआय आहे. त्यानंतर अप्रेंटिसशिपसाठी परळ, माटुंगा, लोअर परळ ही रेल्वेची वर्कशॉप आहेत, सगळी तुमच्या घरापासून जवळ. रेल्वे लेखी परीक्षा घेत नाही. दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी काढून यादी लावते. तिथे अप्रेंटिसशिप पुरी केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल एकच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात.

आता काळजीच्या गोष्टी. अप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन कायदा मालकावर घालत नाही. विद्यावेतनात मुंबईत घर चालत नाही. काही ठिकाणी पोरांना शिकवण्याऐवजी स्वस्तात राबवून घेतात. म्हणून करार नोंदलेला आहे का, शिकवणारा कोण, परीक्षा कोणती, हे विचारल्याशिवाय कुठेही सही करायची नाही.

हेच प्रश्न कॉलेजलाही विचार. त्याला एमपीएससीची राज्यसेवा द्यायची असेल, हायस्कूलचा शिक्षक किंवा वकील व्हायचं असेल, तर पदवी लागतेच. मग त्याने सरळ अकरावीला बसावं. पण सगळे जातात म्हणून कॉमर्सला जायचं आणि एकविसाव्या वर्षी 'तुला काय येतं?' या प्रश्नाला उत्तर नसायचं, यात त्याचं भलं कसं होईल ते मला कळत नाही.

शिवाय एक वाट धरली म्हणजे दुसरी कायमची गेली असं नाही. दोन वर्षांची आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. कामावर राहून बी.ए., बी.कॉम. करायचं तर १९८९पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

तेव्हा इतकंच कर. अकरावीचा फॉर्म भर आणि डॉकची जाहिरात निघाली की तोही भर. मधल्या दिवसांत मी त्याला घेऊन येतो. एक दिवस आयटीआयचं वर्कशॉप बघू, एक दिवस कॉलेज. दोन्हीकडे दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी त्यालाच बोलू दे, आपण बाजूला उभं राहू. मग त्याला काय वाटतं ते विचार, आणि तो बोलत असताना मधे तोडू नकोस. तो कॉलेज म्हणाला तर त्याच्या पुस्तकांचा खर्च माझा. डॉक म्हणाला तर भावोजींना समजावायला मी येईन. तोवर त्यांना हे पत्र वाचून दाखव.

तुझा,
धाकटा भाऊ