सुरतेहून नाशिक : गड, द्राक्षं आणि पाणपक्षी

सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलांना शाळेत कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, "तुमच्या राजानं आमचं सुरत लुटलं ना?" मुलं तो प्रश्न घरी आणतात. आपण दोन वाक्यांत काहीतरी सांगतो आणि विषय बदलतो. या प्रश्नाशी नीट बोलायचं असेल तर थंडीत तीन दिवस काढा आणि साल्हेरमार्गे नाशिकला जा. डोंगर चढणं, वाईन चाखणं आणि वन्यजीव पाहणं अशा एकत्र सहलींसाठी लोक परदेशात जातात. आपल्याला ती गाडीच्या अंतरावर आहे आणि तिचा मार्ग बराचसा महाराजांच्या १६७० मधल्या परतीचा आहे.

पहाटे निघून व्यारा, आहवा करत डांगचं जंगल ओलांडलं की बागलाण लागतं. साल्हेर १५६७ मीटर उंच. महाराष्ट्रातला हा सर्वांत उंच किल्ला. शिखरांमध्ये त्याच्या वर फक्त कळसूबाई. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. वाटाड्या पायथ्याच्या गावातलाच घ्या. खिंडीतून वर गेल्यावर कातळात कोरलेल्या पायऱ्या, दरवाजे, गुहा आणि पाण्याची टाकी लागतात. कुठलं पाणी पिण्याजोगं आहे आणि कुठे मुलांचा हात धरायचा, हे त्यालाच ठाऊक असतं. माथ्यावर परशुरामाचं छोटं मंदिर आहे. कोकणासाठी समुद्र मागे हटवणारा बाण त्यानं इथूनच सोडला, अशी आख्यायिका आहे.

मुलांशी बोलायला हीच जागा चांगली. शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून बसला, तीन वर्षं मुलूख उजाड झाला. पुढे जानेवारी १६६४ मध्ये महाराज मुघलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर, म्हणजे सुरतेवर चालून आले. ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा आले. परतताना बागलाणातून जात असताना दाऊदखान आडवा आला आणि वणी-दिंडोरीला लढाई झाली. काही महिन्यांत साल्हेर स्वराज्यात आला. मुघलांनी वेढा घातला, तो फेब्रुवारी १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोकळ्या मैदानात मोडून काढला. सूर्याजी काकडे इथेच पडले. या सगळ्यात सुरतेच्या व्यापाऱ्यांचं नुकसान झालं, हेही खरंच. दोन्ही बाजू एकत्र सांगितल्या तर मुलांना त्या पेलतात. उत्तर देताना आवाज चढवावा लागत नाही आणि मान खाली घालावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी वणीला सप्तशृंगीचं दर्शन घेऊन दिंडोरीकडे उतरायचं. आपल्यातल्या कितीतरी खानदेशी घरांचे आजी-आजोबा चैत्रात या देवीला पायी आले आहेत. लढाईच्या या पट्ट्यात आज द्राक्षबागा आहेत. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला सुला ही या भागातली सर्वांत प्रसिद्ध वायनरी. तिची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. माहिती देणारा माणूस टाक्या आणि लाकडी पिंपं दाखवत फिरवतो. वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं; आपण खातो ते वेगळं. इथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. मग पेल्यात दोन-दोन घोट मिळतात. आधी रंग पाहायचा, मग वास घ्यायचा, मग चव. शेनिन ब्लाँ गोडसर वाटते, शिराझ जिभेवर तुरट राहते.

यासाठी वय २१ पूर्ण हवं आणि गाडी चालवणाऱ्यानं चाखू नये. बाटली मात्र सुरतेला आणायची नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० मध्ये दोन्ही राज्यांकडे आला. महाराष्ट्रात परवाने मिळू लागले, गुजरातनं बंदी कायम ठेवली. एका कायद्याची दोन घरं कशी झाली, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.

तिसरा दिवस नांदूर मध्यमेश्वरचा. इथे जीप नाही आणि वाघही नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली. सूर्योदयाला पोहोचा. गावातलाच गाईड दुर्बीण लावून देतो आणि मग चमचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाक ओळखू येऊ लागतात. दलदली भोवत्या वरून गेला की बदकांचा अख्खा थवा एकदम उठतो. मोबाईलवरून मुलांची नजर आपोआप निघते.

आजी-आजोबा बरोबर असतील तर साल्हेरच्या दिवशी त्यांना वणीला थांबवा. गडाची चढण त्यांच्यासाठी नाही. जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत बरा, कारण तेव्हा ऊन सोसवतं, द्राक्षं तोडणीला असतात आणि पाहुणे पक्षी अजून गेलेले नसतात. परतीला सापुतारा घाटातून या. सीमेवरची पाटी मुलांना दाखवा आणि ही रेघ साल्हेरच्या लढाईनंतर किती वर्षांनी आखली गेली, ते त्यांनाच मोजू द्या.