म्हातारी घोडी आणि चुकलेलं इन्सुलिन



एरवी मी इथे शुगर, बीपी, थायरॉइड यांवर लिहितो. आज घोड्यांच्या कत्तलीबद्दल लिहितोय म्हणून चकित होऊ नका. हा विषय माझ्याकडे एका शुगरच्या पेशंटमुळेच आला.

पारोळ्याकडचे एक गृहस्थ बरीच वर्षं माझ्याकडे जळगावला येतात. वरातीला घोडी पुरवणं हा त्यांचा धंदा. गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा उपाशीपोटी शुगर ३१० आणि तळपायाला जखम. "इन्सुलिन घेताय ना?" म्हटल्यावर त्यांनी मान खाली घातली. वहिनीच बोलल्या, "एक दिवसाआड घेतात, डॉक्टरसाहेब. वाचलेल्या पैशात घोडीचा कडबा येतो."

घोडी बावीस वर्षांची. लंगडते, त्यामुळे वरातीला कोणी नेत नाही. एक व्यापारी पैसे द्यायला तयार होता, पण कुठे नेणार ते सांगेना. "तिच्या जिवावर दोन पोरी उजवल्या. तिला अशी कशी देऊ?" ते म्हणाले. मी रागावणार होतो, ते राहूनच गेलं.

आता तुम्ही म्हणाल, घोड्याच्या कत्तलीला आपल्याकडे बंदी नाही का? महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद होती. २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. घोडा त्या कायद्यात नाही. मात्र अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसासाठीच्या जनावरांमध्ये शेळी, मेंढी, गाय-म्हैस, डुक्कर, कोंबडी येतात. घोडा येत नाही. म्हणजे घोड्याचं मांस विकायला कागदावर वाट नाहीच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला उपाशी ठेवणं किंवा बेवारस सोडणंही गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. एवढ्यात कडब्याच्या चार पेंढ्याही येत नाहीत.

डॉक्टर म्हणून मी बंदीच्या बाजूचा आहे. एक कारण थेट तुमच्या तब्येतीचं आहे. लंगडणाऱ्या घोड्याला दुखणं कमी करायला फिनाइलब्युटाझोन नावाचं औषध देतात. माणसात या औषधाने हाडांच्या मगजातलं रक्त तयार होणं बंद पडू शकतं, म्हणून माणसांसाठी त्याचा वापर जवळपास थांबला. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून घोड्याचं मांस विकल्याचं उघड झालं, तेव्हा याच औषधाची भीती होती. घोडा खाण्यासाठी पाळलेला नसतो, त्यामुळे त्याला आयुष्यभर काय काय टोचलं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. (जाता जाता: जनावराच्या दुकानातलं दुखण्याचं औषध स्वतःच्या गुडघ्याला कधीही वापरू नका.)

दुसरं कारण उपकाराचं. शेतात साप चावल्यावर आपण जी लस देतो, ती घोड्यांच्या रक्तापासून होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष थोडंथोडं घोड्याला टोचतात. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून औषध बनतं. मुंबईची हाफकिन संस्था हे काम कित्येक वर्षं करत आली आहे. पावसाळ्यात आपल्या खानदेशात जी माणसं सापाच्या विषातून वाचतात, ती याच औषधावर.

पण नुसत्या बंदीने भागतं का? अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ मध्ये बंद झाले. तिथल्या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने २०११ मध्ये हिशेब मांडला: कॅनडा आणि मेक्सिकोत पाठवले जाणारे घोडे २००६ मध्ये सुमारे ३३ हजार होते, ते २०१० मध्ये सुमारे १ लाख ३८ हजार झाले. उपासमारीच्या आणि बेवारस घोड्यांच्या तक्रारीही वाढल्या. मंदीचाही त्यात हात होता, पण मरण टळलं नाही. लांब गेलं आणि प्रवासाचे हाल वाढले.

बैलांच्या बाबतीत माझे शेतकरी पेशंट हेच सांगतात. थकलेला बैल बाजारात कोणी घेत नाही आणि घरी पोसणं परवडत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला लाखांच्या घोड्यांचं कौतुक होतं. तिथला देखणा घोडाही एक दिवस बावीस वर्षांचा होणार.

औषध बंद करताना आम्ही विचारतो, त्याऐवजी काय देणार? कायदा करतानाही हा प्रश्न विचारायला हवा. म्हाताऱ्या जनावराच्या चाऱ्याला मदत, तालुक्याला पशुवैद्यकाची सोय, आणि वेदना असह्य झाल्यावर पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण, हे सगळं बंदीबरोबरच यायला हवं. नाहीतर बंदीचं पुण्य आपलं आणि खर्च त्या गरीब मालकाचा. माझ्या पेशंटने तो खर्च स्वतःच्या इन्सुलिनमधून दिला.

त्यांचं पुढे काय झालं? तबेल्यात अनवाणी वावरल्याने जखम झालेली, म्हणून आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याच्या लिदीत आणि तिथल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिन मिळायची सोय लावून दिली. पशुवैद्यकांनी घोडीचे वाढलेले खूर कापले, तिचं दुखणं थोडं हलकं झालं. जखम भरायला दोन महिने लागले. चाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच आहे. तो माझ्या चिठ्ठीवर सुटण्यासारखा नाही.

तुमच्या घरी असं म्हातारं जनावर असेल तर दोन गोष्टी करा. तबेल्यात, गोठ्यात बूट घालूनच जा आणि धनुर्वाताची लस वेळेवर घ्या. आणि पैशाची ओढाताण होऊन औषध चुकत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावतो, हे खरं. पण कारण कळलं की बहुतेकदा काहीतरी मार्ग निघतो.

काळजी घ्या.